आधी नाव, मग निदान: हाडासांध्यांचे एमआरआय वाचणारीचा एक दिवस

सकाळी साडेसात

कोल्हापुरातल्या आमच्या सेंटरचं दार साडेसातला उघडतं, पण आतला चुंबक रात्रभर जागाच असतो. एमआरआयचा चुंबक बंद करून कुणी घरी जात नाही. उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेल्या तारांच्या वेटोळ्यांतून वीज विनाअडथळा फिरत राहते. आमचं मशीन १.५ टेस्लाचं आहे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट ताकदीचं. टेक्निशियन आल्या आल्या हेलियमची पातळी, खोलीचं तापमान आणि दमटपणा वहीत लिहितात, फँटम, म्हणजे पेशंटऐवजी वापरायचा चाचणीचा नमुना, ठेवून एक चाचणी घेतात आणि मगच पहिल्या पेशंटला हाक जाते.

त्याआधी सेंटरमधल्या मदतनीस मावशी पेशंटची तपासणी करतात. मंगळसूत्र, जोडवी, कंबरेचा करगोटा, केसांतल्या पिना, खिशातली किल्ली, एटीएम कार्ड, कानातलं मशीन, सगळं बाहेर काढून ठेवायचं. वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी साबण लावून काढावी लागतात. पेसमेकर आहे का, डोक्यात क्लिप आहे का, दिवस गेलेत का, हे विचारायचं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून येणाऱ्यांना आम्ही एक प्रश्न जास्तीचा विचारतो: लेथवर किंवा फाउंड्रीत काम करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का? उत्तर 'हो' आलं तर आधी डोळ्यांचा एक्स-रे. तो कण चुंबकाजवळ हलला तर दृष्टी जाऊ शकते. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या तरुणाचा जीव गेला. ती बातमी आमच्या भिंतीवर लावलेली नाही, पण नव्या माणसाला कामावर घेताना ती पहिल्या दिवशी सांगितली जाते.

माझं काम हाडं, सांधे आणि हातापायांचे स्नायू यांचे एमआरआय वाचण्याचं. ते सगळं एका नियमावर चालतं. जे दिसतंय त्याचं नाव आधी सांगायचं, त्याला काय झालंय ते नंतर. एमडीला शिकणारी मुलं माझ्याबरोबर बसतात. त्यांना आजार ओळखायची घाई असते, आणि ते वयच तसं असतं. पण निरोगी गुडघ्यातली प्रत्येक रेघ नावानिशी सांगता येत नसेल, तर बिघडलेल्या गुडघ्याबद्दल बोलण्याचा अधिकार मिळत नाही, असं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते.

सकाळी आठ

पहिला पेशंट एकोणीस-वीस वर्षांचा फुटबॉलपटू. कोल्हापुरात हे रोजचंच आहे. इथले पेठापेठांतले फुटबॉल संघ तालमींच्या नावाने खेळतात आणि हंगामात शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धं शहर तिथे असतं. हंगाम सुरू झाला की आमच्या यादीत गुडघे वाढतात.

तो लंगडत आला, बरोबर वडील. मी विचारलं, "नेमकं काय झालं ते सांग. धडक बसली?"

"न्हाई मॅडम. कुणी आलंच न्हवतं अंगावर. पाय रोवला आणि वळाय गेलो, गुडघा आत गेला. कट्ट करून वाजलं बघा."

"सूज कधी आली?"

"तासाभरात. रात्री तर पँट निघंना."

या चार वाक्यांत निम्मं निदान आहे. धडक नाही, पाय रोवलेला, वळताना गुडघा आत वाकला, आवाज आला आणि तासाभरात सूज. इतक्या लवकर येणारी सूज बहुतेक वेळा सांध्यात साचलेल्या रक्ताची असते. हे मी कागदावर लिहून घेते. 'गुडघेदुखी' एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीपेक्षा पेशंटच्या तोंडची हकिकत मला जास्त मोलाची वाटते.

टेक्निशियन त्याचा गुडघा कॉइलमध्ये, म्हणजे गुडघ्याभोवती बसणाऱ्या अँटेनासारख्या साच्यात, बसवतात. पाय किंचित बाहेरच्या बाजूला वळवतात, म्हणजे गुडघ्यातलं महत्त्वाचं लिगामेंट चित्रांच्या रांगेत सरळ उतरतं. कानात बोळे, हातात बेल. "वीस-पंचवीस मिनिटं हलायचं नाही. आवाज मोठा येईल, घाबरू नका," हे वाक्य ते दिवसभर तितक्याच मायेने म्हणतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात ढोबळ चित्रं येतात. त्यांवर रेघा आखून पुढचे संच ठरतात: बाजूने, समोरून आणि आडवे काप. प्रत्येक काप तीन मिलिमीटरचा, एका संचात पंचवीस-तीस चित्रं आणि एका गुडघ्याचे पाच-सहा संच.

सकाळी साडेनऊ

वाचनाची खोली अंधारी ठेवलेली असते. माझ्या शेजारी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. स्क्रीनवर बाजूने घेतलेल्या कापांपैकी एक मधलाच उघडून मी विचारते, "आतली बाजू की बाहेरची?"

हा प्रश्न सोपा नाही. फिब्युला, म्हणजे नडगीशेजारचं बारीक हाड, दिसलं तर बाहेरची बाजू नक्की. पण ते चित्रात नसेल तर? मग नडगीच्या माथ्याकडे बघायचं. आतल्या बाजूला तो किंचित खोलगट असतो, बाहेरच्या बाजूला किंचित फुगीर. मग गादीकडे. पेशंट जिला गादी म्हणतात तिला आम्ही मेनिस्कस म्हणतो. कापात ती दोन काळ्या त्रिकोणांसारखी दिसते, एक पुढे, एक मागे. आतल्या गादीचा मागचा त्रिकोण पुढच्यापेक्षा ठळकपणे मोठा, बाहेरच्या गादीचे दोन्ही जवळजवळ सारखे. विद्यार्थिनी थांबून बघते आणि म्हणते, "आतली." बरोबर.

या चित्रांत काळं काय आणि पांढरं काय, हे एकदा मनात पक्कं बसावं लागतं. एमआरआयमधली बहुतेक सगळी खबर शरीरातल्या पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन देतो. टी-वन चित्रात चरबी पांढरी आणि पाणी काळं. चरबी दाबून घेतलेल्या चित्रात उलट, पाणी आणि सूज उजळतात. लिगामेंट, कंडरा आणि गादी मात्र सगळीकडे काळ्या, कारण त्यांतलं पाणी कोलॅजनच्या घट्ट धाग्यांत जखडलेलं असतं आणि त्याची खबर यंत्रापर्यंत पोचायच्या आत विरून जाते. म्हणून काळ्या रेघेत उजळ भेग दिसली की मन दचकतं. पण दचकायच्या आधी विचारायचं, ही रेघ कुणाची?

आम्ही आतल्या कडेपासून सुरुवात करतो. सार्टोरियस, ग्रॅसिलिस, सेमिटेंडिनोसस या तीन कंडरा, मागे सेमिमेम्ब्रेनोसस, मग आतली गादी, मांडीच्या हाडाचा आतला गोलवा. मधोमध पोचलो की पोस्टीरिअर क्रुशिएट लिगामेंट. जाड, एकसारखं काळं, कमानीसारखं वळलेलं. ते सहसा सहज सापडतं. त्याच्या पुढचं अँटीरिअर क्रुशिएट, खेळाडूंच्या तोंडचं 'एसीएल', थोडं नाजूक. त्याचे धागे वेगवेगळे दिसतात, मधे चरबीच्या बारीक उजळ रेषा असतात, त्यामुळे ते कधीच पूर्ण काळं नसतं. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोलव्याच्या आतल्या भिंतीवरून निघून ते तिरकं पुढे उतरतं आणि नडगीच्या माथ्यावर मधोमध पण पुढच्या भागात रुजतं. मांडीच्या हाडाच्या दोन गोलव्यांमधल्या खोबणीच्या छताची जी रेघ असते, तिच्याशी ते समांतर किंवा तिच्यापेक्षा उभं असायला हवं.

या मुलाचं तसं नाही. धागे मधेच विस्कटलेत, उरलेला खालचा भाग आडवा पडलाय, आजूबाजूला पाणी. बाहेरच्या बाजूच्या कापांत मांडीच्या हाडाच्या मध्यावर एक उजळ डाग आणि नडगीच्या मागच्या कडेला दुसरा. गुडघा निसटला त्या क्षणी ही दोन हाडं एकमेकांवर आदळली, त्याचा हा मुका मार. मुलाने सांगितलेलं "गुडघा आत गेला" हे वाक्य हाडांनीही लिहून ठेवलेलं आहे.

नडगीच्या बाहेरच्या कडेवरून हाडाची लहानशी कपची निघाली आहे का, हेही बघायचं. पॅरिसचे शल्यविशारद पॉल सेगाँ यांनी मृतदेहांच्या गुडघ्यांवर प्रयोग करून ही कपची १८७९ मध्ये वर्णन केली, क्ष-किरणांच्या शोधाच्या सोळा वर्षं आधी. शरीररचना नीट हाताखालून गेलेल्या माणसाला यंत्राशिवायही किती दिसतं, याचा तो दाखला आहे. आज कपची नाही.

इतक्यात विद्यार्थिनी बोट ठेवते. "मॅडम, बाहेरच्या गादीचा मागचा भागही फाटलाय ना? ही बघा भेग."

भेग खरंच दिसते. काळ्या त्रिकोणाच्या टोकाशी एक तिरकी उजळ रेघ. मी तिला म्हणते, "पुढचा काप लाव. अजून पुढचा." भेगेच्या मागचा काळा तुकडा गादीपासून सुटा होतो, पोस्टीरिअर क्रुशिएटच्या मागून तिरका वर जातो आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या गोलव्याला चिकटतो. ते रिसबर्गचं लिगामेंट. पोस्टीरिअर क्रुशिएटच्या पुढून जाणारं असेल तर हम्फ्रीचं. अनेक गुडघ्यांत यांतलं एक तरी असतं, काहींत दोन्ही. त्याच्या आणि गादीच्या मधल्या फटीत थोडं पाणी किंवा चरबी असते, आणि एकाच कापावर विसंबणाऱ्याला तिथे गादी फाटल्याचा भास होतो. पॉपलिटिअस कंडरा गादीशेजारून जाते तिथे हाच भास होतो, आणि समोरच्या बाजूला दोन्ही गाद्यांना जोडणारं आडवं लिगामेंट निघतं तिथेही.

हा वीस वर्षांचा मुलगा आहे. भासाला आजार समजून रिपोर्टात 'गादी फाटली' असं लिहिलं असतं, तर शल्यविशारद तिथे दुर्बीण घालून निरोगी गादी चाचपत बसले असते. नाव माहीत असल्यामुळे एका तरुणाच्या गुडघ्यातला एक अनावश्यक शोध टळतो.

सकाळी साडेअकरा

दुसरी केस खांद्याची. करवीर तालुक्यातले साठीतले शेतकरी. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. "फेटा बांधायचा म्हटलं तरी सुनेला बोलवावं लागतंय," म्हणाले.

खांद्याचे काप सरळ घेऊन चालत नाही. पाठीचा फरा छातीच्या पिंजऱ्यावर तिरका बसलेला असतो, म्हणून कापही तितकेच तिरके करायचे, सुप्रास्पायनेटस कंडरेच्या बरोबरीने. चार स्नायूंचं वेष्टण दंडाच्या हाडाच्या डोक्याला धरून ठेवतं: वरून सुप्रास्पायनेटस, मागून इन्फ्रास्पायनेटस, त्याखाली टेरेस मायनर आणि पुढून सबस्कॅप्युलॅरिस. बाजूने घेतलेल्या कापांत फऱ्याचा छेद जिथे इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो, तिथे हे चारही एका चित्रात मिळतात. मी विद्यार्थिनीला तो काप उघडून देते आणि घड्याळाच्या क्रमाने चारही नावं म्हणायला लावते.

मग मुख्य कंडरा. उसाला पाणी पाजणारा माणूस विहिरीपासून पाटाच्या कडेकडेने शेवटच्या सरीपर्यंत चालत जातो आणि पाणी कुठे फुटलंय ते शोधतो, तशी कंडरा चालत जायची. स्नायूच्या पोटातून निघायचं, अ‍ॅक्रोमिअनच्या छपराखालून जायचं आणि दंडाच्या हाडाच्या मोठ्या उंचवट्यावर ती रुजते तिथपर्यंत पोचायचं. मधे एकही काप गाळायचा नाही.

रुजण्याच्या ठिकाणाच्या थोडं अलीकडे कंडरा वळते, आणि तिथे एक फसवी जागा आहे. कंडरेचे धागे मुख्य चुंबकक्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करतात, तेव्हा त्यांतल्या जखडलेल्या पाण्याची खबर अचानक ऐकू येऊ लागते आणि निरोगी कंडरा उजळते. काही संचांतच हा भास होतो. खबर उशिरा टिपणाऱ्या टी-टू संचात तो नाहीसा होतो. खरी फाट मात्र तिथेही उजळच राहते.

या शेतकऱ्यांची फाट खरी आहे. पूर्ण जाडीची, आणि कंडरेचं टोक जागा सोडून जवळपास दोन सेंटिमीटर मागे सरकलंय. आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न स्नायूचा. कंडरा तुटून फार दिवस झाले की स्नायू सुकतो आणि त्यात चरबी शिरते. फ्रान्सच्या गुटालिए यांनी १९९४ मध्ये सीटी स्कॅनवर या चरबीच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या, आणि आज त्या एमआरआयवरही वापरतात. टी-वन चित्रात मी पाहते. स्नायूत उजळ रेषा आहेत, पण थोड्या, आणि स्नायूचं पोट भरलेलं आहे. म्हणजे कंडरा शिवली तर स्नायू तिला साथ देईल अशी आशा आहे. शेवटी बायसेप्सची लांब कंडरा तिच्या खाचेत जागेवर आहे का तेही पाहते. खाच रिकामी असती तर कंडरा आत घसरल्याचा आणि सबस्कॅप्युलॅरिसला इजा झाल्याचा संशय घ्यावा लागला असता. ती जागेवर आहे.

दुपारी दीड

डबा उघडायच्या आधी ऑर्थोपेडिक सर्जनचा फोन. सकाळच्या फुटबॉलपटूबद्दल.

"एसीएल गेलंय हे तपासतानाच कळलं होतं. मला बाकीचं सांगा. मागचा बाहेरचा कोपरा कसाय?"

सर्जनचा हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर नावानिशीच द्यावं लागतं. बाहेरचं कोलॅटरल लिगामेंट, बायसेप्स फिमोरिसची कंडरा, पॉपलिटिअस आणि त्याला फिब्युलाशी बांधणारं छोटं लिगामेंट, सगळं शाबूत. या कोपऱ्याची दुखापत नजरेतून सुटली आणि नुसतं एसीएल नवं बसवलं, तर त्या नव्या लिगामेंटवर ताण येऊन ते निकामी होण्याची भीती असते. दोन्ही गाद्यांची मुळंही पक्की आहेत हे मी सांगते. "आणि ग्रॅसिलिस, सेमिटेंडिनोसस चांगल्या जाडीच्या आहेत." त्यांतूनच नवं लिगामेंट करायचं असतं, म्हणून तेही त्यांना हवं असतं.

मग भाकरी, वांग्याची भाजी आणि दही. पंधरा मिनिटं डोळ्यांना उजेड.

दुपारी अडीच

पस्तिशीचा ट्रकचालक. गेले काही महिने गुडघा दुखतोय, गुडघ्याचे एक्स-रे दोनदा झाले, दोन्ही निर्दोष. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी खुबा आत वळवून पाहिला आणि तो कळवळला, म्हणून चिठ्ठीवर खुब्याचा एमआरआय लिहिला. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या सांध्यांना ऑब्ट्युरेटर नर्व्हच्या शाखा जातात, म्हणून खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. लहान मुलांत तर हे नेहमीचंच.

खुब्याच्या तपासणीत आम्ही दोन्ही बाजू एकाच चित्रात घेतो. इथेही आधी नावं. मांडीच्या हाडाचं गोल डोकं, त्यावरचा लहान खळगा आणि त्यातून निघणारं लिगामेंट, मान, मोठा ट्रोकँटर आणि त्यावर रुजणारे ग्लुटिअस मीडियस व मिनिमस, लहान ट्रोकँटरवर इलिओसोआस, मागे पिरिफॉर्मिस आणि त्याच्याखालून बाहेर पडणारी सायटिक नर्व्ह. मग मज्जा. मोठ्या माणसाच्या मांडीच्या हाडाच्या डोक्यात पिवळी, चरबीची मज्जा असते, म्हणून टी-वन चित्रात ते पांढरं दिसतं. मानेखालच्या भागात लाल मज्जेचे करडे ठिपके असणं स्वाभाविक आहे. त्यांना आजार समजायचं नाही.

या चालकाच्या उजव्या मांडीच्या हाडाच्या डोक्यात वरच्या पुढच्या भागाभोवती नकाशासारखी काळी रेघ आहे, आणि टी-टू चित्रात तिच्या आतल्या कडेला दुसरी उजळ रेघ. हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून तेवढा भाग मेल्याची ती खूण. डोक्याला रक्त मुख्यतः मांडीच्या एका धमनीच्या मानेला वळसा घालणाऱ्या फांदीतून येतं, आणि तिला पर्यायी वाटा फार थोड्या. दारू आणि स्टेरॉइड ही या आजाराची दोन मोठी कारणं. मी त्याला आत बोलावून विचारते, तेव्हा तो कुठल्या तरी 'ताकदीच्या पुड्या' कित्येक महिने घेत असल्याचं सांगतो. त्या पुड्यांत काय होतं ते आता कळणार नाही, पण मी ही गोष्ट रिपोर्टसोबत डॉक्टरांना फोनवर कळवते.

डाव्या बाजूलाही तशीच रेघ आहे, लहान. तिथे त्याला दुखत नाही. पण डोक्याचा गोलवा अजून दोन्हीकडे शाबूत आहे, कुठेही खचलेला नाही. डोकं खचायच्या आत काही उपाय करता येतात, नंतर मात्र बहुधा सांधाच बदलावा लागतो. म्हणून दुखऱ्या बाजूइतकंच न दुखणाऱ्या बाजूचं वाचन मन लावून करायचं.

दुपारी चार

शाळेच्या गणवेशातली मुलगी, आईसोबत. गुडघ्याच्या वर मांडीला सूज, रात्री दुखणं वाढतं. अशा वेळी खोलीत बोलणं आपोआप कमी होतं.

सूज गुडघ्याजवळ असली तरी आम्ही पूर्ण मांडी घेतो, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत. हाडाच्या गाठीचं बेट कधी कधी त्याच हाडात दूर दुसरीकडेही असतं, आणि शस्त्रक्रियेची रेघ कुठे मारायची ते त्यावर ठरतं. त्या मुलीच्या हाडात वाढीची पट्टी अजून उघडी आहे. गाठ तिच्या वर थांबली की ओलांडून खाली गेली, हे बघायचं. मग हाडाबाहेरचा भाग. मांडीचे स्नायू तीन कप्प्यांत असतात, पुढचा, आतला आणि मागचा. गाठ कुठल्या कप्प्यात शिरली? मुख्य रक्तवाहिन्या आणि नर्व्ह तिच्यापासून किती दूर, मधे चरबीची पांढरी रेघ शिल्लक आहे का? सांध्यात पाणी आहे का?

या प्रत्येक उत्तरावर त्या मुलीचा पाय अवलंबून आहे. बायोप्सीची सुईसुद्धा पुढे काढून टाकल्या जाणाऱ्या भागातूनच जावी लागते. भलत्या कप्प्यातून गेली तर तोही कप्पा बाधित धरावा लागतो. म्हणून मी रिपोर्टात स्पष्ट लिहिते, बायोप्सी अंतिम शस्त्रक्रिया करणाऱ्या टीमशी बोलूनच व्हावी. आईला निदान सांगणं माझं काम नाही, बायोप्सीशिवाय ते पूर्णही नाही. पण "उशीर करू नका, आज रात्रीच डॉक्टरांना भेटा," हे मी सांगते आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावते. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये कागदपत्रं कशी न्यायची ते आमचे रिसेप्शनवरचे दादा त्यांना लिहून देतात. अशा केसचा रिपोर्ट त्याच दिवशी बाहेर पडतो.

संध्याकाळी साडेपाच

एक पैलवान, घोटा मुरगळलेला. घोट्यात नावं दाटीवाटीने राहतात. आतल्या घोट्यामागे पुढून मागे क्रम ठरलेला: टिबिअ‍ॅलिस पोस्टीरिअर, फ्लेक्सर डिजिटोरम, धमनी, नर्व्ह आणि शेवटी अंगठ्याची फ्लेक्सर हॅल्यूसिस. या शेवटच्या कंडरेभोवती थोडं पाणी दिसलं तरी घाबरायचं नाही, तिचं आवरण पुष्कळदा घोट्याच्या सांध्याशी जोडलेलं असतं. बाहेरच्या घोट्यामागे दोन पेरोनिअल, त्यातली ब्रेव्हिस हाडाला लागून. मागे टाचेची अकिलिस. टॅलस या घोट्याच्या हाडामागे काहींना एक सुटं हाड असतं, ते फ्रॅक्चर नव्हे. पैलवानाचं बाहेरचं पुढचं लिगामेंट ताणलंय, बाकी ठीक. महिना-दीड महिन्यात लाल मातीत उतरेल.

संध्याकाळी सात

रिपोर्ट पाठवायच्या आधी एक फेरी. उजवं-डावं चित्रावर, चिठ्ठीवर आणि रिपोर्टात एकच आहे का? नाव, वय जुळतंय का? जे विचारलं होतं त्याचं उत्तर पहिल्या दोन ओळींत आलं का? जे निरोगी आहे त्याचीही नावं लिहिली का? रिपोर्टात 'सामान्य' असा एकच शब्द लिहिण्यापेक्षा 'हे, हे आणि हे पाहिलं, शाबूत आहे' असं लिहिणं मला जास्त प्रामाणिक वाटतं, कारण सर्जनला त्यावर विसंबून चाकू धरायचा असतो.

दारात एक निवृत्त शिक्षक थांबलेले. गेल्या आठवड्याचा रिपोर्ट हातात, 'मेनिस्कस टेअर' या शब्दांभोवती पेनाने गोल केलेला. ऑपरेशन करावंच लागणार का, हा प्रश्न. त्यांना मी एक माहिती दिली. २००८ साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या पन्नाशीपुढच्या ९९१ जणांच्या गुडघ्यांचा एमआरआय करून अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे पस्तीस टक्के लोकांची गादी फाटलेली होती, आणि त्या फाटलेल्यांपैकी एकसष्ट टक्क्यांना आदल्या महिन्यात गुडघ्याला काहीही त्रास नव्हता. वयाबरोबर गादी झिजते, तिला भेग पडते. ती भेग आणि तुमचं दुखणं यांचा संबंध आहे की नाही, हे तुमचा गुडघा हाताने तपासणारा डॉक्टर ठरवतो. "सर, हा रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे जा. गुडघा अडकतो का, ते त्यांना नीट सांगा," एवढं बोलल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला.

वाचकांनाही माझं हेच सांगणं आहे. एमआरआयला जाताना दुखापत कशी झाली ते आठवून या आणि न लाजता सांगा. जुने एक्स-रे, जुने रिपोर्ट, आधीच्या ऑपरेशनचे कागद बरोबर आणा, घरी गादीखाली ठेवू नका. अंगात कुठे धातू आहे, कधी डोळ्यात कीस गेला होता, हे लपवू नका. नाव ठाऊक नसलेल्या पुड्या घेत असाल तर तेही सांगा. आणि रिपोर्टमधला एखादा शब्द इंटरनेटवर शोधून झोप उडवून घेऊ नका. तो रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांसाठी लिहिलेला असतो. तो त्यांच्यासमोर बसून, एकेका ओळीचा अर्थ विचारून समजून घ्या. तसं विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.